ठाणे–पनवेल गाडीतला म्युझिक प्लेअर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

२०२४च्या डिसेंबरात आमच्या सकाळच्या पनवेल गाडीत ठरलं, की प्रत्येकीने वर्षभरातला आपला सगळ्यात आवडता अल्बम सांगायचा. आम्ही पाच जणी ठाण्याला लेडीज डब्यात चढतो. मी बेलापूरला उतरते, दोघी खारघरला, दोघी थेट पनवेलला. १५ डिसेंबरला तबलावादक झाकीर हुसेन गेले, त्यामुळे त्या आठवड्यात गाडीत दुसरा विषयच नव्हता. माझी पाळी आली आणि मला एकही नाव सांगता येईना. रोज जाऊन-येऊन दीड तास कानात गाणी असायची, ॲप एकामागून एक लावत जायचं, आवडायचीही. पण एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय असं काही आठवेना. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. बाबांच्या घरी मी रेकॉर्ड उलटून लावायला शिकले होते, आणि माझी ही गत.

म्हणून मार्चमध्ये साडेनऊ हजारांचा हा प्लेअर घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतले बरेचसे प्लेअर सारखेच असतात आणि मला सांगायचंय ते वापराबद्दल. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कडेला आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण, मेमरी कार्डाची खाच, वायरवाल्या इअरफोनसाठी भोक. सिम नाही, वायफाय नाही. आपण कार्डात जे भरू तेवढंच वाजणार.

पहिले दोन आठवडे हात सारखा पुढच्या गाण्याच्या बटणाकडे जायचा. मग एका सकाळी बाबांच्या सीडीवरून उतरवून घेतलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावला. १९६७चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात रागांमधून उलगडतो. सुरुवातीला पहाटेचा अहिरभैरव, शेवटाला रात्रीचा पहाडी. सगळा मिळून साधारण चाळीस मिनिटांचा. ठाण्याहून गाडी हलताना अहिरभैरव सुरू झाला, दिघा, ऐरोली, रबाळे गेलं, आणि पहाडी संपत आला तेव्हा मी नेरूळ सोडून पुढे आले होते. हा अल्बम मी तुकड्यातुकड्यांनी किती वेळा ऐकला असेल! पण पहाट ते रात्र असा क्रम त्यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर शफलमध्ये, म्हणजे ॲपने क्रम उलटसुलट केल्यावर, कधी देस राग आधी वाजायचा, कधी पिलू. मग दिवस कुठून दिसणार?

आवाजाबद्दल. फाइली मी फ्लॅकमध्ये ठेवते. त्यात फाइल दाबून लहान केलेली असते, पण आवाजातलं काही काढून टाकलेलं नसतं. सीडीच्या दर्जाचा पाऊण तासाचा अल्बम अडीचशे-तीनशे एमबी घेतो, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड भरता भरत नाही. पण खरं सांगायचं तर चालत्या गाडीत फ्लॅक आणि चांगल्या एमपीथ्रीतला फरक मला ओळखता येत नाही. घरी रात्री पंखा बंद करून ऐकलं तर तानपुऱ्याच्या तारेचा झणकार विरतो कसा, तिथे तो फरक जाणवतो. गाडीत खरा फरक पडला तो इअरफोनच्या टोकाला लावायच्या फोमच्या टिप्सनी. ऐरोलीनंतर गाडी वेग घेते, खिडक्या उघड्या असतात, आणि रबरी टिप्स होत्या तेव्हा आलाप सगळा वाऱ्यात जायचा. फोम बोटांत दाबून कानात घातला की तो फुगून बसतो, आवाज फार वाढवावा लागत नाही. दोनशे रुपयांत तीन जोड्या मिळतात, दर दोन-अडीच महिन्यांनी बदलते. प्लॅटफॉर्मवर आणि रस्त्यावर मात्र दोन्ही कान मोकळे ठेवा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. प्लेअर काहीच सुचवत नाही. “तुम्हाला हेही आवडेल” असं म्हणणारं त्यात कोणी नाही. मग नवीन ऐकायचं कसं? मला मार्ग सापडला तो साथीदारांच्या नावांमधून. मैफलीला निघताना बाबा आधी विचारायचे, “साथीला कोण आहे?” तीच सवय मी अल्बमना लावली.

झाकीरभाईंच्या आठवणीने ‘ॲज वुई स्पीक’ विकत घेतला. २०२३चा अल्बम. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बेस, झाकीरभाईंचा तबला आणि राकेश चौरसियांची बासरी. फेब्रुवारी २०२४मध्ये झाकीरभाईंना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले, त्यातले दोन या अल्बममुळे आणि तिसरा त्यांच्या ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’साठी. बँजो मी आयुष्यात नीट ऐकलेला नव्हता. पहिल्यांदा ऐकताना कान बासरीलाच धरून होता, कारण तिथे ओळखीचं काही होतं. राकेशजी हरिप्रसादजींचे पुतणे. म्हणजे मार्चमध्ये मी काकांची बासरी ऐकली आणि एप्रिलमध्ये पुतण्याची, मध्ये ५६ वर्षं. बासरीचा हात धरून चौथ्या-पाचव्या वेळी बँजोपर्यंत पोचले. तार छेडून लगेच दाबल्यासारखा त्याचा कोरडा टणत्कार आणि खाली तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, घुमतोय, हे एकदा पकडलं की सुटत नाही.

दुसरा माग तर आणखी लांब गेला. सतारवादक अनुष्का शंकरच्या तीन छोट्या अल्बमांची एक मालिका आहे. तिसरा भाग, ‘चॅप्टर थ्री: वी रिटर्न टू लाइट’, २०२५च्या मार्चमध्ये आला. त्यात सरोदवर आलम खान आहे. रविशंकर आणि अली अकबर खान हे गुरुबंधू, त्यांची सतार-सरोदची जुगलबंदी आपल्या आईवडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतली. रविशंकरांची मुलगी अनुष्का आणि अली अकबरांचा मुलगा आलम आता एकत्र वाजवतायत, हे नाव वाचल्यावरच कळलं. ड्रम्सवर नाव होतं सारथी कोरवार. हा कोण म्हणून शोधलं, तर पुण्यात तबला शिकलेला आणि आता लंडनमध्ये असलेला वादक. त्याचा २०१६चा ‘डे टू डे’ गुजरातच्या रतनपूरच्या सिद्दी कलाकारांबरोबरचा आहे. २०१९च्या ‘मोअर अरायव्हिंग’मध्ये त्याने मुंबई-दिल्लीच्या रॅपरांना घेतलंय. सतारीपासून निघून तुर्भ्याच्या पुलाखालून जाताना मी मुंबईचा रॅप ऐकत होते, आणि मला तो आवडत होता. रॅप माझ्यासाठी नाही असं मी आजवर ठामपणे म्हणत आले होते. कुठल्याही यादीने मला तिथे नेलं नसतं.

खरेदी बहुतेक बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या वेबसाइटवर करते. तिथे अल्बमच्या पानावर कोणी काय वाजवलंय ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, फ्लॅक उतरवून घेता येतं. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात. काही महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी तेही सोडून देतात, ही पद्धत २०२०पासूनची. मी शक्यतो त्या शुक्रवारची वाट बघते. महिन्याला दोन अल्बम, जास्त नाही. पैसे मोजून घेतलेला अल्बम पहिल्या ऐकण्यात नाही आवडला तरी दुसऱ्यांदा ऐकला जातो.

तक्रारी आहेत. सलग वाजणाऱ्या दोन ट्रॅकमध्ये आधी अर्ध्या सेकंदाची फट पडायची. आलाप संपून जोड, म्हणजे त्याच्या पुढचा लयीतला भाग, सुरू होताना तानपुराच तुटायचा. मे महिन्यातल्या अपडेटनंतर ते सुधारलं. बॅटरी अकरा तास चालायची, आता आठ. ऑगस्टच्या पावसात इअरफोनचं भोक सैल झालं आणि डावा कान बंद पडला. सर्व्हिस सेंटरने आत पाणी गेलंय म्हणून वॉरंटी नाकारली, तेवीस दिवस ठेवून घेतला आणि नऊशे रुपये लावले. प्लेअर रोज प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा, पाणी कुठून जाणार? पण सगळ्यात जास्त मला काय लागलं असेल तर देवनागरी. अल्बमचं नाव मराठीत लिहिलं की पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. किशोरीताई आमोणकरांचं नाव मला रोमनमध्ये टाकावं लागलं. मराठी माणसाने विकत घेतलेल्या यंत्रावर ‘किशोरी’ दिसू नये, हे मी त्यांना दोनदा लिहून कळवलंय.

जूनपासून आम्ही एक नवीन गोष्ट सुरू केली. शुक्रवारी संध्याकाळी मी प्लेअर दुसरीला देते, कार्डात एकच अल्बम ठेवून. पुढच्या शुक्रवारी परत. आठवडाभर तिच्याकडे ऐकायला तेवढंच. आमच्यातल्या काकू नाट्यसंगीतावर वाढलेल्या, राम मराठे समारोह कधी न चुकवणाऱ्या. त्यांना मी ‘ॲज वुई स्पीक’ दिला होता. सोमवारी घणसोलीला बघते तर डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतायत. मध्येच अंगठा थांबला, कपाळाला आठी पडली, आणि मग समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान बरोबर हलली. इअरफोन काढून म्हणाल्या, “अगं, सोडलं होतं मी, पण झाकीरने परत आणून बसवलं बघ.” अनुष्काचा अल्बम मात्र त्यांना फार संथ वाटला. माझं मत बदललेलं नाही. यावर्षीच्या नव्यातलं माझं नाव अनुष्काच्याच अल्बमचं.

यंदाच्या डिसेंबरसाठी नियम केलाय, की निदान पाच वेळा सलग ऐकलेला अल्बमच सांगायचा. माझ्याकडे असे अकरा आहेत, वहीत तारखांसकट.

कोणी विचारलं तर सांगेन, जरूर घ्या, पण ज्यांचा प्रवास रोजचा अर्ध्या तासाहून जास्त आहे त्यांनीच. आणि पावसाळ्याआधी इअरफोनच्या भोकाला रबरी बूच लावून घ्या, तीस रुपयांना मिळतं.

काकू ३१ डिसेंबरला रिटायर होतायत. या शुक्रवारी प्लेअर त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मागितलाय. ऑगस्टमध्ये त्यांच्या वाट्याला तो आला तेव्हा डावा कान बंद होता, त्यामुळे अर्धाच ऐकला होता. काल रात्री कार्ड पुसून तेवढा एकच भरला, आणि दोन्ही बाजू वाजतायत का ते पहाडी संपेपर्यंत तपासून पाहिलं.