कच्छच्या आखातात प्रवाळ बघायला जाताय? आमची फसवणूक कशी झाली ते आधी वाचा

जामनगरजवळचं सागरी राष्ट्रीय उद्यान बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे आणि त्याबरोबर त्यांना गाठून पैसे उकळणारेही वाढताहेत. आमच्याकडून पैसे घेतलेल्या माणसाचा नंबर उद्या बदलेल, पॅकेजचं नावही बदलेल. पद्धत मात्र हीच राहील, म्हणून ती सविस्तर लिहिते आहे.

आधी ही जागा काय आहे ते सांगते. १९८० साली इथे अभयारण्य झालं आणि १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत ४२ बेटं, तिवरांची जंगलं, चिखलाची मैदानं आणि प्रवाळ. भरती-ओहोटीतला फरक इथे इतका मोठा असतो की ओहोटीला समुद्र दूरवर मागे सरकतो आणि पाण्यात बुडी न मारता, पायी चालत जिवंत प्रवाळ बघता येतात. माझ्या मावशीने आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तिला पोहता येत नाही आणि वयही झालंय. प्रवाळ डोळ्यांनी बघायचे तर तिच्यासाठी हीच जागा, असं आमचं कधीपासून ठरलेलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पॅकेजमध्ये पिरोटन बेटाची बोटसफर, परमिट, गाइड, जेवण आणि ‘डॉल्फिन व डुगाँग (म्हणजे समुद्रगाय) दर्शनाची हमी’ असं सगळं होतं. माणशी ४,५०० रुपये, त्यातले १,२०० परमिटचे. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर मागवले. राजमुद्रा असलेला ‘इको परमिट’ नावाचा कागदही पीडीएफमध्ये आला, त्यावर आमची नावं आणि आधारचे क्रमांक होते.

जामनगरला पोचल्यावर आदल्या रात्री फोन आला. म्हणे, वनखात्याने अचानक पिरोटन बंद केलंय, पण काळजी करू नका, याच उद्यानातलं नरारा दाखवतो, तेच प्रवाळ आहेत. मी पैशांतल्या फरकाचं विचारल्यावर त्याने बोटवाल्याला आगाऊ दिलेत, परत मिळणार नाहीत, असं सांगून फोन ठेवला. सकाळी त्याने पाठवलेल्या गाडीतून आम्ही नराराला गेलो.

तिथे पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि गढूळ. मावशी काठी टेकत टेकत अर्धा तास चालली. दिसलं ते शेवाळ, थोडे खेकडे आणि पाण्याखाली कुठेतरी असणाऱ्या प्रवाळांच्या अंधूक सावल्या. सोबतचा माणूस सारखा म्हणत होता, ‘आज समुद्राचा मूड नाही.’

मूडचा काही संबंध नव्हता. तिथी नवमी होती. कोकणातलं लहान मूलसुद्धा सांगेल की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोलवर जाणारी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत असते तेव्हा उधाण, काटकोनात असते तेव्हा भांग. परिणाम एक-दोन दिवस उशिरा दिसतो, म्हणून प्रवाळांसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे प्रतिपदा-द्वितीयेचे दिवस चांगले आणि नवमी-दशमी सगळ्यांत वाईट. ओहोटी रोज साधारण दोनदा येते, तेव्हा उजेडात येणारी ओहोटी किती वाजता आहे आणि पाणी किती उतरणार आहे, हे त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावं लागतं. या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्यच नाही. आम्ही विचारलेली तारीख आमच्या एजंटने ‘एकदम बेस्ट’ म्हणून पक्की केली होती. तारखेवर हुज्जत न घालणारा एजंट प्रवाळ दाखवणारा नसतो, एवढं मी आता ठामपणे सांगू शकते.

त्यानंतर जे झालं त्याने मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. दाखवायला काही नाही म्हटल्यावर सोबतच्या माणसाने डबक्यातून एक केंड मासा उचलला आणि तो फुगावा म्हणून बोटांनी डिवचायला लागला. केंड जिवाच्या भीतीने फुगतो. पाण्याबाहेर काढला की पाण्याऐवजी हवा गिळतो, ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही आणि परत सोडल्यावरही तो मरू शकतो. शेजारी दुसऱ्या एका गटात ऑक्टोपस हातोहात फिरत होता. मावशीने तिच्या शाळेतल्या आवाजात त्याला मासा खाली ठेवायला लावला. निघताना त्याच माणसाने ‘आठवण’ म्हणून प्रवाळाचा तुकडा पुढे केला. तो चुकूनही घेऊ नका. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्याच रांगेत. तुकडा तुमच्या पिशवीत सापडला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, देणारा तोवर पसार झालेला असेल.

दुपारी आम्ही जामनगरला वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं, नोंदी तपासल्या. आमच्या नावाने पिरोटनसाठी अर्जच आला नव्हता. पिरोटनला आगाऊ परवानगी लागते, ती भरती-ओहोटी बघून मिळते आणि मिळेलच असंही नाही. आमचा ‘इको परमिट’ बघून त्यांनी मान हलवली, असा कागद ते देतच नाहीत. नराराचं शुल्क जागेवर भरायचं असतं आणि ते १,२०० रुपयांच्या जवळपासही नाही.

हमीचंही सांगते, कारण लोक त्यालाच भुलतात. समुद्रगाय भारतात मन्नारचं आखात व पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार आणि कच्छचं आखात एवढ्याच ठिकाणी उरली आहे. कच्छमध्ये ती इतकी कमी आहे की तिच्यामागे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही ती क्वचित दिसते. तिच्या दर्शनाची हमी कुणीच देऊ शकत नाही. जाहिरातीतले फोटोही बघा. निळंशार पाणी, रंगीत फांद्यांचे प्रवाळ असले तर ते दुसऱ्या कुठल्यातरी समुद्राचे आहेत. कच्छचं पाणी गाळाचं, इथले प्रवाळ बहुतेक गोल, दगडासारखे, करडे-हिरवे-तपकिरी. ते सुंदरच आहेत, पण तसे नाहीत.

पैशांचं म्हणाल तर एजंटने आधी ‘निसर्गावर आमचा ताबा नाही’ म्हणून हात झटकले, मग नंबर ब्लॉक केला. बनावट कागद दाखवून ऑनलाइन पैसे घेतले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही संध्याकाळी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. सेवेबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते आणि २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक आयोगात दावा आपण राहतो तिथेच दाखल करता येतो, गुजरातला खेटे घालावे लागत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे संदेश, पीडीएफ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. आमच्या दाव्याचा आधार तोच आहे. आधार क्रमांक त्याच्या हाती गेल्यामुळे आम्ही दोघींनी बायोमेट्रिक लॉक करून घेतलं, तेही करा.

पुढच्या वेळी मावशीला नेताना तिथी मी स्वतः बघणार आहे. परमिट वनखात्याकडून स्वतः घेणार आणि गाइड वनखात्याच्या नाक्यावर विचारून घेणार. त्या माणसाची जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने परवा पुन्हा एका ग्रुपवर आली. फोटो तेच आहेत आणि महिन्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी ‘प्रवाळदर्शन निश्चित’ असं लिहिलंय.