सोलापूरचा उन्हाळा आणि दीड टनाचा इन्व्हर्टर एसी: काही महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी बसवला. उन्हाळा गेला, पावसाळाही संपत आला. एसी चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पण मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना एसी चालूच झाला नाही तर घरात काय हाल होतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

आधी गारव्याचं. एसीची थंड करण्याची टनातली क्षमता मोजताना बाहेर ३५ अंश धरलेले असतात. आपल्याकडे दुपारी त्याहून सात-आठ अंश जास्त, वर तापलेला स्लॅब. त्यामुळे दुपारी खोली २४ वर यायला बराच वेळ लागतो. वरचा मजला असेल तर एक टनात भागवू नका. कोरड्या हवेत कूलरही झकास चालतो, पण त्याला रोज पाणी लागतं आणि आपल्या नळाला ते रोज येत नाही.

एप्रिलच्या एका दुपारी गंमतच झाली. एसी लावला, आतला पंखा फिरला, थोड्या वेळाने बाहेरचं युनिट सुरू झालं, जरा वेग घेतला आणि सगळंच बंद. तीन मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारी म्हणाले, गॅस गेला असणार. पण गॅस कमी असला तर एसी सहसा चालू राहतो, फक्त थंड करत नाही. मी स्टॅबिलायझरच्या (एसीला मिळणारं व्होल्टेज सांभाळणाऱ्या डब्याच्या) आकड्यावर नजर ठेवली. युनिट वेग घेऊ लागलं की इनपुट व्होल्टेज घसरायचं आणि स्टॅबिलायझर कट व्हायचा. त्याच वेळी घरातले दिवे मात्र तसेच लख्ख. म्हणजे वीज मीटरपर्यंत नीट येत होती, दोष एसीच्याच लाइनवर होता. इलेक्ट्रिशियन पोराने मेन बंद करून सॉकेट उघडलं आणि म्हणाला, "काका, एसी ठणठणीत हाय. सॉकेट जळालंय बघा." आतला स्क्रू ढिला, पिन काळी पडलेली. त्याने चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट मेनपासून ओढली आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावला. त्यानंतर तक्रार नाही.

तेव्हापासून कुणी "एसी चालू होत नाही" म्हटलं की मी आधी विचारतो, नेमकं काय होतंय? काहीच पेटत नसेल तर एमसीबी पाहा, स्टॅबिलायझरचा दिवा पाहा, मग रिमोट. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट उजेड चमकला तर रिमोट सिग्नल देतोय. आतल्या युनिटचं पुढचं झाकण उचललं की बहुतेक मॉडेलमध्ये एक छोटं बटण असतं. त्याने एसी चालू झाला आणि रिमोटचा उजेड दिसत नसेल, तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी रिमोटचे सेल बदला.

लाइट जाऊन आल्यावर थोडा धीर धरा. कॉम्प्रेसर थांबला की लगेच सुरू होऊ नये म्हणून एसीत साधारण तीन मिनिटांचा थांबा असतो आणि बऱ्याच स्टॅबिलायझरमध्ये स्वतःचा वेगळा. दोन्ही मिळून सहा-सात मिनिटं सहज जातात. मधेच बंद-चालू केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आतलं युनिट चालतंय आणि बाहेरचं ढिम्म, शिवाय डिस्प्लेवर कोड दिसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. उंदराने दोन युनिटमधली वायर कुरतडणं किंवा पाल पीसीबीवर (एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवर) चिकटून शॉर्ट होणं आपल्याकडे नेहमीचं आहे. पण बाहेरचं झाकण कृपा करून स्वतः उघडू नका. इन्व्हर्टरच्या पीसीबीवरच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर साठा राहतो. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्याजागी मोठा एमसीबी लावून मोकळं होणं म्हणजे आगीला आमंत्रण.

सोलापूरच्या पूर्व भागात मेहुण्यांच्या शेजारी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. मेहुण्यांचा एसी भर दुपारी बंद पडायचा, संध्याकाळी आपोआप चालायचा. बाहेरच्या कॉइलवर मागावरून उडणाऱ्या सुताच्या बारीक तंतूंचा थर बसला होता, उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. मऊ ब्रश आणि पाण्याच्या हलक्या धारेने तो काढला आणि काम झालं. प्रेशरने पाणी मारलं तर कॉइलच्या पातळ पात्या वाकतात. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, तेव्हा नळाचं घ्या. यंत्रमागाजवळ राहणाऱ्यांनी आतली जाळी दर आठवड्याला धुवावी.

जूनमध्ये हवेत ओल आली की एसीतून पाणी जास्त पडतं. पाइपचा उतार बरोबर नसेल तर ते भिंतीवर उतरतं, एवढं पाहून घ्या.

घेताना वॉरंटी नीट वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षं मोठ्या अक्षरात लिहिलेली असतात. पीसीबी, गॅस आणि मजुरीचं काय, ते बिलावर लिहून घ्या, कारण इन्व्हर्टरमध्ये पीसीबीचा खर्चच अंगावर येतो. आमचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर आहे. पुढच्या मार्चच्या आत त्यावर पत्र्याची सावली करणार आहे, पुढची आणि बाजूची हवा मोकळी ठेवून.