बॅलन्स ट्रान्सफर कार्ड घ्यावं का? वापरून झाल्यावरचा माझा रिव्ह्यू

बॅलन्स ट्रान्सफरबद्दल विचारणारे खूप असतात पण घेतल्यावर पुढे काय झालं ते सांगणारे फारच कमी, म्हणून सविस्तर लिहितेय. घरातल्या आजारपणात दोन कार्डांवर मोठी रक्कम गेली होती, एकरकमी भरणं शक्यच नव्हतं, मग तिसऱ्या एका बँकेचं कार्ड घेतलं आणि दोन्हीकडची बाकी तिकडे वळवली. बँकेचं नाव देत नाही कारण या ऑफर सतत बदलत असतात, आणि मला बोलायचंय ते या सोयीबद्दलच. माझं मत आधीच सांगून टाकते. सोय चांगली आहे, घेण्यासारखी आहे, पण नवी बँक सुरुवातीचे काही महिने व्याज लावत नाही, त्या महिन्यांत तुम्ही दर महिन्याला किती भरता यावरच सगळं अवलंबून आहे, तिथे ढिले पडलात तर फी भरून आहे तिथेच.

आधी जुन्या कार्डाचं गणित बघा, कारण ते कळल्याशिवाय ट्रान्सफरची किंमत कळत नाही. समजा एक लाख थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६, आणि मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला निदान भरावीच लागणारी रक्कम, थकलेल्या पैशांच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ५,००० भरले, त्यातले ३,००० व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त २,०००. पुढच्या महिन्यात बाकी कमी म्हणून मिनिमम पण कमी येतं, माणसाला वाटतं चला हलकं होतंय, आणि तिथेच गाडी अडकते. असं मिनिमम भरत राहिलात तर जवळपास तीन वर्षांनी साधारण सव्वा लाख भरून झालेले असतात आणि तरी अर्धं कर्ज तसंच उभं असतं! आता गंमत बघा, तेच ५,००० दर महिन्याला न हलवता भरत राहिलात, मिनिमम कितीही कमी येऊ दे, तर ३१ महिन्यांत सगळं कर्ज संपतं. पहिल्या महिन्याचा हप्ता दोन्हीकडे सेम आहे हो, एक रुपयाही जास्त नाही. मला हे कळलं तेव्हा खरंच राग आला, कारण माझ्या स्टेटमेंटवर हा हिशोब असा आकड्यांत मांडलेला नव्हता. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने बँकांना हे छापायला लावलं, नुसतं मिनिमम भरलं तर कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती भरावं लागेल, दोन्ही शेजारी शेजारी. असं सगळीकडेच व्हायला पाहिजे.

आता ट्रान्सफर. समजा १२ महिने शून्य व्याज आणि ३ टक्के फी. म्हणजे एक लाखाचे सुरुवातीलाच १,०३,००० झाले. तुमची ताकद महिन्याला ५,००० चीच आहे असं धरू, तर वर्षभरात ६०,००० गेले आणि ते सगळेच्या सगळे मुद्दलात, ४३,००० उरले. त्यानंतर परत ३ टक्के लागायला लागले तरी तेच ५,००० चालू ठेवले की एकूण २२-२३ महिन्यांत विषय संपतो. जुन्या कार्डावरच राहिला असतात तर एकूण १,५५,००० गेले असते, इथे १,१०,००० च्या जरा वर जातात. फी वजा करून एवढा फरक पडत असेल तर मी तरी घ्या म्हणूनच सांगेन. आणि ८,६०० च्या आसपास जमत असेल तर बारा महिन्यांतच सगळं फिटतं, व्याज शून्य, खर्च फक्त फीचा.

पण अटी नीट वाचा, एकेक शब्द वाचा. आमच्या कार्डावर पूर्ण रक्कम ट्रान्सफर झालीच नाही, कारण नव्या लिमिटच्या ठराविक टक्क्यांपर्यंतच बाकी वळवता येते आणि हे मंजुरीनंतर कळतं, अर्जाच्या वेळी कोणी बोलत नाही. उरलेली रक्कम जुन्या कार्डावर राहिली. दुसरं म्हणजे एक जरी हप्ता उशिरा गेला तर शून्य व्याजाची ऑफर रद्द होऊ शकते, त्यामुळे ऑटो-पे, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप जायची सोय, लावलंच पाहिजे, आणि लावताना स्क्रीन नीट बघा, आमच्याकडे मिनिमम ड्यूवर टिक आधीच करून ठेवलेली होती, ठराविक रक्कम टाकायचा पर्याय खाली दडलेला, तो शोधून आपला आकडा टाकावा लागला. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या नव्या कार्डावर खरेदी करू नका, अजिबात नाही. शून्य टक्के असतं ते वळवून आणलेल्या बाकीला, नव्या खरेदीला बहुतेक वेळा नेहमीचा दर असतो, आणि बाकी उभी असली की बिनव्याजी दिवस पण सहसा मिळत नाहीत, खरेदी केल्या दिवसापासून व्याज चालू. आम्ही ते प्लास्टिक कपाटात ठेवलं आणि ॲपमधून ऑनलाइन खरेदी बंद करून टाकली, ऑफर संपेपर्यंत परत चालू केली नाही.

सर्व्हिसला मात्र मी कमी मार्क देतेय, आणि ते जुन्या कार्डवाल्यांमुळे. ट्रान्सफर झाल्यावर कस्टमर केअरला फोन करून विचारलं, त्या बाई म्हणाल्या बाकी शून्य आहे मॅडम, काही भरायचं नाही. पुढच्या महिन्यात स्टेटमेंट आलं, त्यात थोडीशी रक्कम व्याज म्हणून लागलेली. व्याज रोजच्या बाकीवर मोजतात ना, मग स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे पोचेपर्यंत जे दिवस गेले त्याचं व्याज नंतर निघतं. रक्कम किरकोळ असते, पण शून्य आहे समजून ते स्टेटमेंट उघडलंच नाही तर लेट फी लागते आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो तो वेगळाच. फोनवर बसलेल्या माणसाने हे स्वतःहून सांगायला नको का? कर्ज फेडणाऱ्याला एवढी माहिती तर मिळालीच पाहिजे. ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्या कार्डाचा हप्ता पण थांबवू नका, मध्ये काही दिवस जातात आणि त्यात ड्यू डेट येऊ शकते.

दोन-तीन कार्डांवर बाकी आहे आणि ट्रान्सफर एकाचीच होतेय, तर कुठली वळवायची? ज्याचा व्याजदर जास्त तीच. उरलेली फेडताना पण तोच नियम, इतर कार्डांवर मिनिमम आणि वरचे सगळे पैसे महागड्या कार्डात, तेच स्वस्तात पडतं. काही जण म्हणतात सगळ्यात छोटी बाकी आधी संपवा म्हणजे हुरूप येतो, तेही चुकीचं नाही, एखादं कार्ड दोन महिन्यांत संपत असेल तर मी पण आधी ते उडवीन, निदान एक ड्यू डेट डोक्यातून जाते.

आणखी एक सोय असते, जुन्या कार्डाच्याच बँकेत थकलेल्या रकमेचं ईएमआयमध्ये रूपांतर. ते सोपं पडतं, नवीन कार्ड नको काही नको, पण सांगितलेल्या व्याजदराबरोबर प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारा चार्ज धरून एकूण किती जाणार हे विचारा, फक्त महिन्याच्या हप्त्यावर जाऊ नका. हप्ता छोटा दिसतो तो मुदत लांबवल्यामुळे.

कॅश काढायचं तर नावच नको. कार्डावरून रोख काढली की फी लगेच आणि व्याज त्याच दिवसापासून, तिथे बिनव्याजी दिवस नसतातच.

कर्ज फिटल्यावर कार्ड फेकून द्यायची गरज नाही असं माझं मत आहे. १९५० ला डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा महिन्याचं बिल पूर्ण भरायचंच असायचं, बाकी पुढे ढकलायची सोय १९५८ च्या बँकअमेरिकार्डपासून रुळली. मी आता पहिल्या पद्धतीने वापरतेय, ऑटो-पे पूर्ण रकमेवर, मोठी खरेदी असेल तर स्टेटमेंट निघाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे पैसे भरायला जास्तीत जास्त दिवस मिळतात. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवला तर क्रेडिट स्कोअरला बरं असतं असं सगळेच सांगतात, म्हणून जुनं कार्ड बंद करायची घाई पण करू नका, ते बंद केलं की एकूण लिमिट घटतं आणि तेवढाच खर्च टक्क्यांत जास्त दिसायला लागतो. वार्षिक फी असेल तर मात्र बिनफीचं करून मागा, नाही म्हणाले तर बंद करा.

रेटिंग: सोयीला ५ पैकी ४, माहिती द्यायच्या बाबतीत २. महिन्याचा हप्ता ठरवून तो शेवटपर्यंत कमी न करण्याची तयारी असेल आणि ऑफर कमीत कमी वर्षाची असेल तर घ्या. सहा महिन्यांची ऑफर आणि ५ टक्के फी असेल तर आधी कागदावर गणित मांडा. आणि ज्यांचा महिन्याचा खर्चच कमाईच्या वर जातोय त्यांनी नवीन कार्डाचा अर्ज करण्याआधी बँकेशी थेट बोलावं, हप्ते पुन्हा बांधून द्या म्हणून लेखी मागावं, आणि जे ठरेल त्याचा ईमेल जपून ठेवावा.