डनलॉप कॉम्पिटिशन: एका ठिपक्याचा बॉल

स्क्वॉश सुधारायचा म्हटलं की आमच्या क्लबात लोक आधी रॅकेट बदलतात. महागडी रॅकेट, आणि सोबत दोन पिवळ्या ठिपक्यांचा प्रो बॉल, कारण टीव्हीवर तोच दिसतो. माझं ऐकाल तर रॅकेट राहू द्या, बॉल बदला.

दोन ठिपक्यांचा बॉल मुळातच कमी उसळतो. मार खाऊन रबर आणि आतली हवा तापली की मग त्यात जीव येतो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या संघातला आपला मुंबईचा महेश माणगावकर मारेल तेव्हा तो तापलेलाच राहणार. आपली रॅली चार-सहा फटक्यांत आटोपते, मग कोणी घाम पुसतो, कोणी लेस बांधतो, तोवर बॉल गार. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी तर मागच्या कोपऱ्यात गेला की मेलाच. मग सगळे पुढच्या भिंतीशी ड्रॉप, म्हणजे हलके फटके, टाकत बसतात आणि वर त्याला ‘टच’ म्हणतात!

एका ठिपक्याचा कॉम्पिटिशन आकाराने तेवढाच, ४० मिलिमीटरचा. डनलॉप कंपनीच्या हिशेबाने तो हवेत प्रोपेक्षा १० टक्के जास्त वेळ राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात जा आणि बघा. बॉल मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येतो. पाय नीट लावून रॅकेट मागे न्यायला तेवढा अवधी मिळतो, आणि कसाबसा उचलून देण्याऐवजी भिंतीलगत सरळ ड्राइव्ह मारता येतो. लेंग्थ, म्हणजे बॉल नेमका मागे खोलवर टाकणं, बसते ती इथेच. रॅली लांबतात, त्यामुळे दमही निघतो. तापवावा यालाही लागतो, पण आमचे मार्कर, म्हणजे क्लबात खेळायला शिकवणारे, सांगतात तसा ‘साहेब, बुटाखाली घासा’चा कार्यक्रम फार वेळ चालत नाही.

अगदी नवख्यांनी मात्र लाल ठिपक्याचा घ्यावा. तो ६ टक्के मोठा असतो आणि हवेत आणखी जास्त वेळ राहतो. आणि मे महिन्यात, पत्रे तापलेल्या कोर्टवर, कॉम्पिटिशन जरा जास्तच उड्या मारतो. तेव्हा प्रो काढावा.

बॉल झिजून चकाकायला लागला की टप्प्यावर घसरतो, तो सरळ टाकून द्या. आमच्या क्लबची स्पर्धा प्रोवरच होते, म्हणून तिच्या आधीचा आठवडा मीही निमूटपणे दोन ठिपक्यांवर खेळतो.