ढिंगरी मशरूमचं स्पॉन, घेण्यासारखं हाय

तालुक्याच्या दुकानातून ढिंगरीचं स्पॉन, म्हंजे मशरूमचं बियाणं, आणलं, माल एक नंबर हाय भाऊ. गव्हाच्या दाण्यादाण्यावर पांढरं जाळं चढलेलं, हिरवा-काळा ठिपका कुठंच नाही. हे जाळं म्हणजेच खरी बुरशी, मायसेलियम म्हणतेत त्याले, आपण खातो ती छत्री तं बीजाणू पसरवाले येते. बुरशीत हरितद्रव्य नसते, ती एन्झाइम, म्हंजे पाचक रस, सोडून कुटार (ज्यात स्पॉन पेरतो तो भुसा) बाहेरच पचवते अन मंग शोषून घेते, म्हणून सोयाबीनचं कुटार गरम पाण्यातून काढाच, नाहीतं ट्रायकोडर्मा नावाची दुसरी हिरवी बुरशी आधी जागा धरते. पाकिटावर तारीख नाही, हे मात्र बरोबर नाही, ती पाहिजेच. टेकोड्याची, म्हंजे रानातल्या मशरूमची, चव याले नाही, ते वाळवीच्या वारुळावरच उगवतेत, पण ढिंगरीची भाजी पावसाळा गेल्यावरबी घरीच भेटते, घ्या बिनधास्त.