नुसता पॉवर सप्लाय, की मदरबोर्डसकट सगळंच?

मित्राचा डेस्कटॉप 2017 सालचा, चार कोअरचा. त्यात तगडं ग्राफिक्स कार्ड बसवायचंय, पण गाडी अडलीय: नवा पॉवर सप्लाय (मशीनला वीज पुरवणारा डबा) घेऊन भागवावं, की मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमही बदलावी?

खर्चात पहिला पर्याय सरळ स्वस्त. दुसऱ्यात एक वस्तू बाकीच्यांना ओढून आणते. जुन्या मशीनमधली डीडीआर4 रॅम नव्या पिढीच्या डीडीआर5च्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

कार्डाला वीज दोन्हीकडे सारखीच लागते. कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, पॉवर सप्लायच्या 8 पिनच्या प्रत्येक कनेक्टरमधून 150. जुना 300 वॅटचा डबा इथेच हात टेकतो. नवा घ्याल तो पुढच्या मशीनलाही चालेल. (कंपनीच्या तयार डेस्कटॉपचा पॉवर कनेक्टर कधीकधी वेगळाच असतो. आधी झाकण उघडून बघा, आणि कार्डापुरती जागा आहे का तेही मोजा.)

वेगाबाबत, जुन्या मदरबोर्डचा पीसीआय एक्सप्रेस 3.0 (कार्डाला जोडणारा जुन्या पिढीचा मार्ग) कार्डाला अडवेल, ही भीती जरा फुगवलेलीच आहे. सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) कार्डाला सहसा फारसा फरक पडत नाही. आठ लेनच्या कार्डाची मेमरी भरली की जाणवतो. खरा अडथळा प्रोसेसरचा. 1080पीवर (फुल एचडी स्क्रीन) तो कार्डाला ताटकळत ठेवतो, 4केवर (त्याच्या चौपट पिक्सेल) बराचसा भार कार्डच उचलतं.

4के गेम किंवा ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमधलं जीपीयू रेंडरिंग (ग्राफिक्स कार्डावर चित्र तयार करणं) असेल, तर पॉवर सप्लाय पुरे. 1080पीवर 144 हर्ट्झचा (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर पुरेपूर वापरायचा असेल, तर मदरबोर्डसकट बदला.