चाइल्डलाइन १०९८ : किशोरवयीन मुलांसाठी कितपत उपयोगी?

माध्यमिक शाळेत नववी-दहावीचे वर्ग सांभाळताना १०९८ या हेल्पलाइनशी माझा वेळोवेळी संबंध आला. त्यामुळे हा अभिप्राय चौदा ते सतरा या वयाच्या, घरात मारहाण सोसणाऱ्या किंवा कोणाचेच लक्ष नसलेल्या मुलामुलींपुरता आहे. माझे मत असे की, तातडीच्या प्रसंगी ही सेवा विश्वासार्ह आहे. पण हेळसांडीच्या बाबतीत ती अजून चाचपडते.

१९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी ती सुरू केली. पुढे देशभर ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून चालली आणि २०२३ मध्ये मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेअंतर्गत शासकीय यंत्रणेकडे, म्हणजे जिल्हा पातळीवर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आली. फोन आजही निःशुल्क आहे आणि चोवीस तास चालतो. या बदलामुळे फोन घेणाऱ्यांच्या शब्दाला सरकारी वजन आले; मात्र वस्तीतले बोळ नि माणसे ओळखणारे जुने कार्यकर्ते सगळीकडे टिकले नाहीत, आणि ही उणीव मला जाणवते.

वडील पिऊन आले की आई, ती आणि धाकटा भाऊ शेजारच्या इमारतीच्या जिन्यात रात्र काढतात, असे एका विद्यार्थिनीने मधल्या सुट्टीत सांगितले, तेव्हा मी शिक्षक खोलीतून फोन लावला. पलीकडच्या ताईंनी माझे नाव-गाव विचारण्याआधी मुलगी आत्ता जवळ आहे का, शाळा सुटल्यावर ती कुठे जाणार आणि तिला स्वतः बोलायचे आहे का, एवढेच विचारले. मुलीने फोन घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘जेवलीस का गं?’ त्यानंतर ती पुष्कळ वेळ बोलत होती. त्याच दिवशी दोन कार्यकर्त्या साध्या वेशात शाळेत आल्या आणि थेट घर न गाठता त्यांनी आधी आईची वेगळी गाठ घेतली. वडिलांना सुगावा लागला असता तर मार कोणाला बसला असता, याचे भान त्यामागे होते.

फोन केला की बालगृहात टाकतील, ही धास्ती या वयाच्या मुलांच्या मनात पक्की असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ताब्यात घेतलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांच्या काळजीचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीसमोर, हजर करावे लागते. परंतु संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे आणि बालकाचे म्हणणे ऐकून घेणे हेही त्याच कायद्याचे तत्त्व आहे. दहावीचे वर्ष आणि धाकटा भाऊ सोडून मी जाणार नाही, हे त्या मुलीने समितीला ठामपणे सांगितले, आणि दोघांनाही मावशीकडे राहण्याची परवानगी मिळाली.

हेळसांडीचे प्रकरण वेगळे. तिथे वळ नसतात, त्यामुळे घाईही नसते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत आलेला मुलगा सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळीच भोवळ येऊन खाली बसतो, तेव्हा घरातली चूल कधीची थंड आहे हे कळते. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही तोच करतो आणि ती इतकी सराईत झालेली असते की शंकाही येऊ नये. पालकांकडून होणारी उपेक्षा कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे येते. तरीही अशा एका मुलाच्या बाबतीत गृहभेटीनंतर पाठपुरावा थांबला आणि चौकशी केल्यावर एका कार्यालयातून उत्तर आले, ‘मारहाण नाही ना सर, मग पालकांना समजावून सांगा.’ समजावून सांगण्याजोगे पालक घरी सापडले असते, तर मी फोन कशाला केला असता?

आर्थिक आधाराच्या वाटा आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात आणि मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून ४,०००. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बँक खाते ही कागदपत्रे मात्र बहुधा त्याच घरातून मिळवावी लागतात. आजी, मामा किंवा मावशी पुढे झाली तर काम मार्गी लागते. नाहीतर शिक्षकालाच तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात.

दीर्घकाळच्या समुपदेशनासाठी केवळ १०९८ वर विसंबू नये. मनावरचा ताण बोलून हलका करण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मारहाणीत आईही सापडली असेल, तर तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा.

शिक्षकांना आणि शेजाऱ्यांना मी ही सेवा वापरण्याची शिफारस नक्की करेन. मात्र तक्रारीची तारीख आणि फोन घेणाऱ्याने दिलेला नोंद क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढचा पाठपुरावा त्याच्याच जोरावर होतो. मुलगा सतरा वर्षांचा असेल तर थोडे थांबून पाहू म्हणू नये. अठरा पूर्ण झाल्यावर १०९८ चा मार्ग बंद होतो आणि एकवीस वर्षांपर्यंतची अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठीची, मदत प्रामुख्याने आधी संस्थेत राहिलेल्यांनाच मिळते.